काम नाडीच्या आलेखाचं आहे

प्रश्न : मुलगी बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. स्त्रियांमधली लैंगिक उत्तेजना जागेपणी आणि झोपेत कशी मोजतात, यावर तिला संशोधन करायचंय. यात करिअर होतं का? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, विषयाचं नाव ऐकून बिचकू नका. यातलं बहुतेक काम सिग्नल साफ करण्याचं असतं. बोटाला लावायचा, प्रकाशाने नाडी टिपणारा ऑक्सिमीटर तुम्ही पाहिला असेल. उत्तेजना मोजायच्या उपकरणाचं तत्त्व जवळपास तेच, फक्त इथे ऊतींवरून परतलेला प्रकाश मोजतात. सिंचक आणि गीअर या संशोधकांनी १९७५ मध्ये टॅम्पॉनच्या (पाळीत आत बसवायच्या कापसाच्या गुंडाळीच्या) आकाराचं असं उपकरण मांडलं. ते योनिमार्गात सहभागी स्त्री स्वतःच, एकांतात बसवते.

त्यातून दोन गोष्टी मिळतात : ठोक्यागणिक बदलणारी नाडीची उंची आणि साठलेल्या रक्ताची संथ पातळी. दुसरी तापमानाने, हालचालीने सरकत राहते. म्हणून भरवसा पहिलीवर. तीही मिलिव्होल्टमध्ये, तिला ठरलेलं शून्य नाही. उपकरण थोडं फिरलं किंवा खोल गेलं की आकडा बदलतो. त्यामुळे दोन स्त्रियांचे आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत. एकीलाच साधी आणि कामुक फिल्म दाखवून, दोन्ही वेळच्या नोंदी ताडून पाहायच्या. खोकला, हसू, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळणं, सगळ्याने आलेख उसळतो. असे ठोके हाताने गाळावे लागतात.

झोपेत मेंदूलहरी, डोळ्यांची हालचाल आणि हनुवटीच्या स्नायूंची नोंद सोबत घेतात, ३०-३० सेकंदांचे तुकडे पाडून अवस्था ठरवतात. साधारण ९० मिनिटांनी येणाऱ्या रेम झोपेत (बंद डोळे भराभर हलतात, स्वप्नं पडतात ती अवस्था) योनीतला रक्तप्रवाह वाढतो. त्यावरून स्वप्नात काय होतं, हे मात्र सांगता येत नाही. जागेपणीही रक्तप्रवाह म्हणजे इच्छा नव्हे : संशोधक चिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये केलेल्या विश्लेषणात शारीरिक नोंद आणि स्वतः सांगितलेली उत्तेजना यांचा सहसंबंध स्त्रियांत ०.२६, पुरुषांत ०.६६ निघाला (१ म्हणजे पूर्ण मेळ, ० म्हणजे मेळच नाही).

पोटापाण्याचं खरं सांगतो : निव्वळ या विषयाच्या जागा भारतात फार थोड्या. कॅनडातलं क्वीन्स विद्यापीठ किंवा ऑस्टिनचं टेक्सास विद्यापीठ इथे असं काम झालंय. पण हेच कौशल्य झोपेच्या प्रयोगशाळेत आणि वैद्यकीय उपकरणांच्या कंपन्यांत चालतं, म्हणून हात रिकामे राहत नाहीत.

आत्ता तिने पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकावी, आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं वाचावीत आणि बोटाच्या नाडीची दहा मिनिटांची नोंद घ्यावी. ०.५ ते ३० हर्ट्झचा फिल्टर लावून कोणते ठोके का टाकले, ते लिहावं. प्राध्यापकांना पत्र पाठवताना गुणपत्रिकेआधी ही फाइल जोडावी.