तुमचे प्रश्न : कुटुमसरच्या अंधारात कॅमेरा

प्रश्न : मॅडम, नमस्कार. डिसेंबरात आम्ही तिघं मित्र नागपूरहून गाडीनं बस्तरला गेलो होतो. कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानातली कुटुमसरची गुहा पाहिली. डोळ्यांना जे दिसलं त्यातलं काहीच फोटोत आलं नाही. आत शिरताच लेन्सवर धुकं बसलं. फ्लॅश वापरला तर फोटोभर पांढरे ठिपके, आणि लवणस्तंभ कणकेच्या गोळ्यांसारखे सपाट. एका जागी छतावरून दगडाचा पडदाच लोंबत होता. भिंतीवर लाह्या चिकटवल्यासारखे दाणे होते. ते काय असतं? खाली पडलेला बोटभर तुकडा सोबत आणला आहे, त्याचा फोटो पाठवतो. फेब्रुवारीत पत्नीला घेऊन पुन्हा जायचं आहे. काय बदल करू?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : गाडी रात्रभर लॉजबाहेर थंडीत उभी होती आणि कॅमेरा गाडीतच होता, बरोबर? गुहेत हिवाळा-उन्हाळा फारसा पोचत नाही. डिसेंबरच्या सकाळीही आत उबदार आणि दमट असतं, त्यामुळे गार काचेवर लगेच दव धरतं. या खेपेला कॅमेरा रात्री खोलीत ठेवा. गुहेत शिरल्यावर अर्धा तास बॅग उघडूच नका, तो वेळ नुसतं पाहण्यात घालवा. काच पुसत बसलात तर ओल फक्त पसरते.

पांढरे ठिपके म्हणजे तुमचाच श्वास, अंगाची वाफ आणि पायांनी उडालेली धूळ. फ्लॅश लेन्सच्या शेजारी असला की आधी हेच उजळतं. १९९४ साली मी पहिल्यांदा गेले तेव्हा छत्तीस फोटोंचा अख्खा रोल असाच गेला. नागपूरला परत येऊन प्रिंट हातात घेतल्या तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं, कारण तेव्हा पुन्हा जाणं सोपं नव्हतं. त्या प्रिंट मी अजून ठेवल्या आहेत. त्यांतूनच मला कळलं की गुहेत उजेड कॅमेऱ्याच्या जागेवरून द्यायचाच नसतो.

उजेड बाजूनं द्या. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवा (ट्रायपॉड चालेल का हे वनखात्याच्या नाक्यावर आधीच विचारा), आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ४०० ते ८००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) f/8 च्या आसपास, शटर पंधरा ते तीस सेकंद उघडं. बॅटरी लावून फोकस करा आणि मग तो मॅन्युअलवर टाका, नाहीतर अंधारात लेन्स पुढे-मागे चाचपडत राहील. शटर उघडलं की पत्नीला बॅटरी घेऊन डाव्या किंवा उजव्या हाताला उभं करा आणि सडा घालावा तसा उजेड दगडावरून हळूहळू फिरवायला सांगा. एकाच जागी थांबू नका. सावल्या पडल्या की स्तंभाला गोलाई येते, मघाचे कणकेचे गोळे राहत नाहीत. दोन-तीनदा बिघडेल, चौथ्यांदा जमेल. वाटेवर एक माणूस स्थिर उभा केलात तर गुहेचा आकारही कळतो.

आता तुमचा पडदा. छत उतरतं असलं की पाण्याचा थेंब तिथेच न टपकता उताराच्या रेघेनं घरंगळतो आणि जाताना चुन्याची केसाएवढी रेघ मागे ठेवतो. पुढचा थेंब त्याच रेघेवरून जातो. अशी रेघेवर रेघ चढून पातळ पापुद्रा खाली उतरू लागतो आणि वाढता वाढता चुणीदार होतो. पाण्यासोबत कधी लोह येतं, कधी वरच्या मातीतले कुजलेल्या पानांचे अंश, म्हणून पांढऱ्यात तांबूस-तपकिरी पट्टे उमटतात, थेट लुगड्याच्या काठासारखे. समोरून उजेड टाकलात तर यातलं काही दिसत नाही. पडद्यामागे बॅटरी धरता येईल अशी जागा वाटेवरच असेल, तर मागून उजेड द्या. सगळे पट्टे पेटून उठतात. वाट सोडून किंवा वाकून आत शिरून मात्र नको, डोकं लागलं तर तो पापुद्रा मोडतो.

लाह्या वेगळ्या. तिथे पाणी धारेनं येत नाही. भिंतीतून नुसतं पाझरतं किंवा शिंतोड्यांनी उडतं, हवा लागून पातळ थरात सुकतं आणि दाणे धरतात. यांना अगदी तिरका, भिंतीला घासून जाणारा उजेड हवा.

हे सगळं मुळात कॅल्साइट, म्हणजे चुनखडी ज्याची बनते ते खनिज. पावसाचं पाणी जंगलाच्या मातीतून मुरताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडी विरघळवतं. गुहेच्या मोकळ्या हवेत आलं की तो वायू निघून जातो आणि चुना पाण्यात राहू शकत नाही, दगड होऊन तिथेच बसतो. शाळेत शिकवलेल्या ‘लवणस्तंभ’ या शब्दामुळे अनेकांना हे मीठ वाटतं, पण मिठाशी याचा संबंध नाही. वाढ साधारणपणे वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग धरली, तर एक सेंटीमीटरला शंभर वर्षं लागतात.

म्हणून तुमच्या तुकड्याबद्दल स्पष्ट लिहिते. तो बोटभर तुकडा काही शतकांचा आहे. फोटोत त्याची कड मोडलेली आणि मधली नळी उघडी दिसते, म्हणजे तो लोंबत्या स्तंभाचा आहे. पडलेला होता हे मी मानते. पण राष्ट्रीय उद्यानातून दगडसुद्धा उचलायला कायद्यानं मनाई आहे, आणि घरी आणल्यावर तो ओला राहत नाही, चमकतही नाही. एका विद्यार्थ्यानं मोठ्या हौसेनं मला असाच तुकडा आणून दिला होता. भिंगाखाली त्याच्यातली वर्तुळं मोजताना मी शंभराच्या पुढे गेले आणि थांबले, पुढे मोजवेना. त्याच कांगेर खोऱ्यातल्या दंडक गुहेतल्या स्तंभाचे थर अभ्यासून शास्त्रज्ञांनी इसवी सन ६०० ते १५०० पर्यंतच्या पावसाचा मागोवा काढला आहे. चौदाव्या-पंधराव्या शतकात पाऊस दीर्घकाळ मंदावल्याच्या खुणा त्यात सापडल्या. आपल्याकडचा दुर्गादेवीचा दुष्काळ १३९६ मध्ये सुरू झाला असं मानतात, तो याच काळातला. आपल्या पूर्वजांचे कोरडे आषाढ त्या दगडात जपलेले आहेत! फेब्रुवारीत जाल तेव्हा तुकडा सोबत न्या आणि नाक्यावर सांगून परत करा. स्तंभांना हातही लावू नका. बोटांचा तेलकटपणा बसला की तिथे पाणी नीट धरत नाही आणि जागा काळी पडते.

डबक्यांवर बॅटरी रोखू नका. तिथे फिकट रंगाचे, डोळे जवळजवळ मिटलेले छोटे मासे आहेत. गुहेत लांबलचक मिशांचा एक रातकिडाही राहतो. १९५०च्या दशकात या गुहेचा अभ्यास करणाऱ्या शंकर तिवारी यांच्या नावावरून त्याला केम्पिओला शंकरी म्हणतात.

एक गोष्ट फक्त डोळ्यांसाठी. डबक्यांपासून दूर, पांढऱ्याशुभ्र कॅल्साइटजवळ सगळ्या बॅटऱ्या विझवा, डोळे घट्ट मिटा, फ्लॅश उडवा आणि लगेच डोळे उघडा. काही ठिकाणी दगड क्षणभर स्वतः मंद उजळलेला दिसतो. मातीतून आलेले सेंद्रिय अंश कॅल्साइटमध्ये अडकलेले असतात, त्यांची ती उजळी. पत्नीला आधी सांगू नका.

पावसाळ्यात गुहेत पाणी भरतं म्हणून ती बंद असते. फेब्रुवारी उत्तम.

प्रश्न : विशाखापट्टणमजवळच्या बोर्रा गुहेत रंगीत दिवे आहेत. फोटोत खडक हिरवे-जांभळे येतात. खरा रंग कसा मिळवू?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : रंगीत दिव्याचा उजेड नंतर कॉम्प्युटरवर काढून टाकता येत नाही, कारण बाकीचे रंग मुळात नोंदलेच गेलेले नसतात. दिव्यांच्या मधल्या अंधाऱ्या जागा शोधा आणि जवळचा एखादाच भाग स्वतःच्या पांढऱ्या बॅटरीनं टिपा. अख्ख्या दालनाचा फोटो कृष्णधवल करा, बोर्राच्या प्रचंड छताला तो शोभतो. दिव्यालगतच्या खडकावरचा हिरवा थर मात्र पाहून ठेवा. तो बहुधा उजेडावर वाढलेल्या शेवाळाचा असतो. दिवा नसता तर ते तिथे उगवलंच नसतं.

प्रश्न : मी नववीत आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत लवणस्तंभ का नाहीत? नागपुरात कुठे पाहायला मिळतील?
— एक विद्यार्थिनी, महाल, नागपूर

उत्तर : बाळा, अजिंठा माणसांनी कोरलं, आणि तेही लाव्हापासून झालेल्या काळ्या बेसाल्टात. सीताबर्डीची टेकडीही बेसाल्टचीच. त्यात चुनखडीसारखा विरघळणारा चुना नाही. पण आपल्या शहरात सिमेंट आहे. जुन्या पार्किंगच्या किंवा गळक्या टाकीच्या स्लॅबखाली बघ, भेगेतून पांढऱ्या बारीक नळ्या लोंबताना सापडतील. काँक्रीटमधला चुना पाण्यासोबत उतरतो आणि इथे उलटं घडतं, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो. म्हणून या नळ्या गुहेतल्यापेक्षा कितीतरी पट वेगानं वाढतात. हात लावू नकोस, तो चुना कातडीला झोंबतो. मोठ्या माणसाला सोबत घे, मोबाइलची बॅटरी बाजूनं धरायला सांग, मागच्या भिंतीवर पट्टी टेकवून एक फोटो काढ. दिवाळीनंतर त्याच जागेवरून दुसरा काढ आणि दोन्ही मला पाठव.