नफा धंद्यात घालायचा की भागधारकांना वाटायचा: कंपनीचं बरोबर आहे का, कसं ओळखावं?

नफा चांगला असून तुमची कंपनी लाभांश देत नाही, तर काही काळंबेरं आहे का, असं तुम्ही विचारलंय. नुसतं एवढ्यावरून कळत नाही. ठेवून घेतलेल्या रुपयावर कंपनी काय कमावते ते पाहा.

पाच वर्षांचे वार्षिक अहवाल काढा. समजा, या काळात प्रति शेअर कमाई (ईपीएस) एकूण १०० रुपये झाली. २० वाटले, ८० ठेवले. वर्षाची कमाई १५वरून २५वर गेली. म्हणजे ८० रुपयांनी वर्षाला १० रुपये जादा आणले, साडेबारा टक्के. हा आकडा पाच-सहावर आला तर पैसे सरळ वाटून टाकावेत, तेवढं मुदत ठेवीतही सुटतं. मध्ये बोनस (फुकट मिळालेले जादा शेअर) किंवा स्प्लिट (एका शेअरचे अनेक तुकडे) झाला असेल तर जुनी ईपीएस त्या प्रमाणात कमी करून घ्या, नाहीतर वाढीच्या जागी घट दिसेल. साखर, पोलाद अशा चढउताराच्या धंद्यात दोन्ही टोकांना तीन वर्षांची सरासरी धरा. आणि कर्ज वाढलंय का तेही बघा. वाढ उसन्या पैशाची असू शकते.

करही मोजा. एप्रिल २०२० पासून लाभांशावरचा कर तुमच्या स्लॅबनुसार तुम्हीच भरता. ३० टक्क्यांच्या स्लॅबात उपकरासह १०० रुपयांतले ६८.८० हातात पडतात. म्हणून त्या स्लॅबातल्या माणसासाठी कंपनीने बारा टक्क्यांनी पैसा फिरवलेला केव्हाही बरा.

ताळेबंदातली गंगाजळी, म्हणजे वर्षानुवर्षं न वाटता ठेवलेला नफा (हल्ली 'अदर इक्विटी' या नावाखाली असते), पाहून 'एवढे कोटी पडलेत, वाटा की!' असं म्हणू नका. ती रोकड नव्हे. बराचसा पैसा यंत्रांत, मालात, ग्राहकांकडच्या येण्यांत गुंतलेला असतो. वाटण्याजोगं किती ते रोख प्रवाह पत्रकात कळतं: धंद्यातून आलेली रोकड वजा यंत्रं-इमारतींवरचा खर्च. यालाच मुक्त रोख प्रवाह म्हणतात. लाभांश सलग दोन-तीन वर्षं त्याहून जास्त आणि कर्जही चढतंय, तर कर्ज काढून सण चाललाय.

मला सर्वात खटकतो तो तिसरा प्रकार. ना वाटप, ना विस्तार. पैसा लिक्विड फंडात (अल्प मुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणारा म्युच्युअल फंड) आणि नफ्यात 'इतर उत्पन्न' फुगलेलं. हे काम तुम्ही स्वतः करू शकता, त्यासाठी संचालक मंडळ कशाला?

सरकारी कंपन्यांना हे गणित लावू नका. तिथे करोत्तर नफ्याच्या ३० टक्के किंवा निव्वळ मूल्याच्या (मालमत्ता वजा देणी) ४ टक्के, यांतलं जे जास्त ते किमान द्यायचं, असा केंद्राचा दंडक आहे.

बाजारमूल्याने पहिल्या १००० कंपन्यांत असेल तर सेबीच्या (शेअर बाजाराची नियामक संस्था) नियमानुसार तिचं लाभांश वाटप धोरण संकेतस्थळावर सापडेल. बहुतेकांत 'परिस्थिती पाहून ठरवू' एवढंच असतं. इन्फोसिससारखा आकडा (आर्थिक वर्ष २०२५ ते २०२९ मध्ये मुक्त रोख प्रवाहाच्या सुमारे ८५ टक्के) दिलेला असेल, तर दरवर्षी तो ताडून पाहता येतो.