17व्या शतकातला इटालियन शिल्पकार बर्निनी याच्या संत तेरेसाच्या शिल्पाचा चेहरा फोटोत बघून ती कळवळतेय की आनंदात आहे हेच कळत नाही, असं का?

नुसत्या चेहऱ्यावरून नाहीच कळणार, आणि माझ्या मते बर्निनीने ते मुद्दामच तसं ठेवलंय. स्पेनच्या या 16व्या शतकातल्या ख्रिस्ती संत तेरेसाने स्वतःच लिहून ठेवलंय की देवदूताने सोन्याचा भाला काळजात खुपसला, दुखलं इतकं की ती कण्हली आणि गोडी इतकी की हे संपूच नये असं वाटलं. दोन्ही एकाच क्षणी, मग शिल्पकार त्यातलं एक कसं निवडणार? म्हणून डोळे अर्धवट मिटलेले, तोंड किंचित उघडं, बास.

पण फोटोत लोक चेहरा तेवढा क्रॉप करतात ना, घोळ तिथे होतो. जरा खाली बघा, एक अनवाणी पाय ढगाच्या कडेला नुसता लोंबतोय, हात पण तसाच सैल पडलाय, अंगात कुठेच ताण नाही. सगळी खळबळ आहे ती झग्याच्या चुण्यांमध्ये.

आता व्हॅटिकनमधला लाओकून बघा, ग्रीक पुराणकथेतला हा बाप आणि त्याची दोन मुलं सापांच्या विळख्यात सापडलेत ते, 1506 मध्ये रोमच्या एका द्राक्षमळ्यात खणताना मिळालेलं शिल्प. त्याचंही तोंड अर्धं उघडं आणि मान कललेली, पण पोट आत खेचलंय, बरगड्या वर आल्यात, मांडीचे स्नायू ताठ झालेत. गंमत म्हणजे चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे झटके देऊन हावभावांचा अभ्यास करणाऱ्या ड्युशेन या फ्रेंच डॉक्टरने 19व्या शतकात दाखवून दिलं की लाओकूनच्या भुवया आणि कपाळावरच्या आठ्या खऱ्या माणसात अशा एकत्र येऊच शकत नाहीत! म्हणजे चेहरा शास्त्राने चुकलेला आणि तरी बघणाऱ्या कुणालाही त्या वेदनेबद्दल शंका येत नाही, कारण बाकी सगळं अंग ओरडून सांगतंय.

तेरेसा रोमच्या सांता मारिया देला व्हित्तोरिया चर्चमध्ये आहे, 1652 ला पूर्ण झाली, वर लपवलेल्या खिडकीतून तिच्यावर उजेड पडतो. तिथे जाल तेव्हा त्रास्तेव्हेरे भागातल्या सान फ्रांचेस्को आ रीपा चर्चमध्ये पण नक्की जा, बर्निनीने सत्तरी ओलांडल्यावर केलेलं लुदोविका अल्बेर्तोनी या धर्मनिष्ठ बाईचं शिल्प तिथे आहे. गादीवर आडवी, मान मागे टाकलेली, हात छातीवर दाबलेला. इथे मात्र अंगावरूनही मला ठरवता येत नाही की ही मरणाची तडफड आहे की देवाची भेट, आणि म्हणूनच मला ती तेरेसापेक्षा मोठी वाटते.