इंग्लंडची जुनी, हातोड्याने पाडलेली नाणी जमवायची आहेत, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की लीड्सला येऊन दोन वर्षं झाली, म्युझियममध्ये मध्ययुगातली चांदीची नाणी बघितली तेव्हापासून डोक्यातून जात नाहीयेत, महिन्याला पन्नासेक पौंड बाजूला काढू शकता, तर आधी काय घ्यावं आणि फसू नये म्हणून काय बघावं. मी अकरा वर्षं हाच नाद करतोय, त्यामुळे उत्तर लांबेल, पण सगळं वाचा.

आधी थोडक्यात सांगतो. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड, त्याची एक पेनी घ्या आणि पुढचे तीन महिने दुसरं काहीही घेऊ नका. ती एकच पेनी वाचायला शिका.

हीच का, तर 1279 मध्ये या एडवर्डने देशभरची नाणी नव्याने पाडायला घेतली आणि ती इतकी पाडली गेली की आजही शेतात, जुन्या गाडग्यांत सापडत राहतात, म्हणून सातशे वर्षांपूर्वीचं खरं चांदीचं नाणं साधारण 30 ते 60 पौंडात हातात येतं. आपल्या आताच्या रुपयापेक्षा जरा लहान, पातळ, वजन जेमतेम 1.4 ग्रॅम. पुढच्या बाजूला मुकुट घातलेला समोर बघणारा चेहरा, मागे काठापर्यंत गेलेला लांब क्रॉस आणि त्याच्या चारही घरांत तीन-तीन ठिपके. चेहरा बघून एडवर्ड कसा दिसायचा हे कळत नाही बरं का, तो नुसता "राजा" या अर्थाचा चेहरा आहे. खऱ्या माणसासारखा चेहरा इंग्लंडच्या नाण्यावर यायला सातव्या हेन्रीची वाट बघावी लागली.

आता वाचायचं कसं, ते सांगतो. चेहऱ्याच्या डोक्यावर छोटा क्रॉस असतो, तिथून घड्याळाच्या दिशेने सुरू करा. लॅटिनमध्ये आखूड करून लिहिलेलं असतं, "एडवर्ड, इंग्लंडचा राजा, आयर्लंडचा स्वामी". मागे टांकसाळीचं गाव, म्हणजे लंडनची असेल तर "सिव्हिटास लंडन", लंडन शहर. तुम्ही लीड्सला आहात म्हणून मुद्दाम सांगतो, यॉर्कची पेनी शोधा. त्यावर यॉर्क असं लिहिलेलं नसतं, "एबोरासी" असं असतं, कारण रोमन लोक त्या गावाला एबोराकम म्हणायचे आणि नाण्यावर तेच चालत राहिलं. त्यातही दोन प्रकार आहेत, राजाच्या टांकसाळीतली आणि आर्चबिशपच्या, म्हणजे तिथल्या मुख्य धर्मगुरूच्या, टांकसाळीतली. आर्चबिशपच्या नाण्यावर मागच्या क्रॉसच्या बरोबर मधे चार पाकळ्यांची खूण असते. एवढीशी खूण, पण भिंगाखाली ती पहिल्यांदा दिसली तेव्हा रात्री साडेअकराला बायकोला उठवून दाखवली होती. आणि ज्या गावात ते पाडलं ते तुमच्यापासून ट्रेनने अर्ध्या तासावर आहे, रविवारी खिशात घालून जाऊन या.

ही नाणी वेडीवाकडी का असतात हे नीट समजलं की अर्धी भीती जाते. खालचा ठसा लाकडाच्या ओंडक्यात खिळ्यासारखा ठोकून बसवलेला, त्यावर चांदीची चकती, तिच्यावर वरचा ठसा हाताने धरायचा आणि हातोडा मारायचा. हात जरा हलला की छाप सरकली, दोनदा मारलं की अक्षरं दुहेरी उठली, आणि हातोड्याचा सगळा मार वरच्या ठशाला बसायचा म्हणून तो आधी फुटायचा, एका खालच्या ठशाबरोबर वरचे दोन-दोन द्यायला लागायचे. आपल्याकडे शिवराई बघितली असेल तर हे ओळखीचं वाटेल, तीसुद्धा हातानेच पाडलेली, म्हणून एखाद्या शिवराईवर "श्री राजा शिव" पूर्ण येतं आणि एखाद्यावर "राजा"चा अर्धा "जा" चकतीच्या बाहेर गेलेला असतो. मी लहानपणी शिवराई नाण्यांवरच हे शिकलो. (त्या शिवराया पुण्यात आईकडेच आहेत, इकडे आणलेल्या नाहीत. 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी देशाबाहेर नेता येत नाहीत, तुम्हीही सुट्टीवरून येताना तसलं काही बॅगेत घालू नका.)

याच गोष्टीवरून खरं-खोटं ओळखायची सगळ्यात पक्की खूण मिळते. पहिल्याच वर्षी मी ऑनलाइन एकाकडून पहिल्या एलिझाबेथ राणीची सिक्सपेन्स (सहा पेन्यांचं नाणं) 70 पौंडांना घेतली, सुंदर दिसत होती, महिनाभर रोज काढून बघायचो. नंतर दुसऱ्याच एका विक्रेत्याच्या यादीत तीच सिक्सपेन्स दिसली. म्हणजे तसली नाही, तीच. काठावरची चीर त्याच जागी, गालावरचा खड्डा त्याच जागी, छाप डावीकडे तेवढीच सरकलेली. एकाच ठशाने पाडलेल्या दोन नाण्यांची अक्षरं जुळतील, पण चीर, खड्डा आणि सरकणं हे त्या-त्या घावाचं असतं, ते दोन नाण्यांवर सारखं येऊच शकत नाही, आलं तर दोन्ही एकाच साच्यातून ओतलेली. मग वजन केलं तर चार ग्रॅमच्या जवळ, आणि असायला हवं तीनच्या आसपास. झिजून, कडा कातरून वजन कमी होतं, वाढत नाही. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा आणि दहापट दाखवणारं भिंग कायम टेबलावर असतं, दोन्ही मिळून वीस-पंचवीस पौंडात येतात, पहिल्या नाण्याच्या आधी ते घ्या. ओतलेल्या नाण्याचा पृष्ठभाग साबणासारखा बुळबुळीत दिसतो, बारीक छिद्रं असतात, काठावर कधीकधी सांध्याची रेघ दिसते. आपल्याकडे वाजवून बघायची सवय असते ती मात्र इथे नको, जुनी चांदी ठिसूळ झालेली असते, आतून तडा गेलेलं खरं नाणंही बद्द वाजतं आणि पडलं तर दोन तुकडे होतात.

घ्यायचं कुठे, तर आधी दुकान असलेल्या, खरेपणाची लेखी हमी देणाऱ्या विक्रेत्याकडून, दहा पौंड जास्त गेले तरी चालतील. कुठलं नाणं आहे ते ओळखायला स्पिंक या कंपनीचा कॅटलॉग दर वर्षी निघतो, त्यात प्रत्येक प्रकाराला नंबर असतो आणि सगळे तेच नंबर बोलतात, जुनी आवृत्ती सेकंडहँड मिळाली तरी पुरते. फुकटात शिकायचं तर पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमचा डेटाबेस उघडा, इंग्लंड-वेल्समध्ये लोकांना सापडलेल्या वस्तूंची फोटोसकट नोंद आहे त्यात, मी अजूनही रात्री जेवण झाल्यावर त्यातल्या पेन्या बघत बसतो.

एडवर्ड नीट वाचता यायला लागला की मागे जा, शॉर्ट क्रॉस पेनीकडे, म्हणजे जिच्या मागचा क्रॉस आखूड असतो, काठापर्यंत जात नाही. ही 1180 ते 1247 चालली आणि तिच्यावर सगळीकडे नाव एकच, हेन्री. दुसरा हेन्री गेला, रिचर्ड आला, मग जॉन आला, तोच 1215 च्या मॅग्ना कार्टावाला, पण इंग्लंडच्या पेनीवर नाव हेन्रीचंच राहिलं, मग तिसरा हेन्री आला आणि नाव आपोआप बरोबर ठरलं. ऐकायला विचित्र वाटतं, पण पेशवाईतही टांकसाळींत बादशहाच्या नावाचे रुपये पडतच होते की, लोकांना ओळखीचं नाव दिसलं की नाणं चालतं. मग कुठली पेनी कोणाच्या काळातली हे केसांच्या कुरळ्यांवरून आणि अक्षरांच्या वळणावरून ठरवतात, ते शिकण्यात माझी दोन वर्षं गेली आणि ती माझी सगळ्यात आवडती दोन वर्षं आहेत. या काळात सुटे पैसे हवे तर पेनी क्रॉसच्या रेषेवर कापायचे, भाकरीची चतकोर करतो तशी. पाव पेनीला फार्दिंग म्हणतात, त्या शब्दाचा अर्थच चौथा भाग. असे कापलेले तुकडे पेनीपेक्षा स्वस्तात मिळतात आणि कोणीतरी ते खरंच बाजारात दिले-घेतलेत हे त्यांच्याकडे बघून कळतं.

साल छापलेलं हवं असेल तर एलिझाबेथची सिक्सपेन्स, 1561 पासून तिच्यावर साल असतं आणि राणीच्या डोक्यामागे गुलाब. तो गुलाब शोभेचा नाही, जवळजवळ सारख्या आकाराची नाणी हातात वेगळी कळावीत म्हणून एकाआड एक किमतीच्या नाण्यांवर दिला, सिक्सपेन्सवर आहे, शिलिंगवर (बारा पेन्यांचं नाणं) नाही.

घासायचं नाही. चिंच नको, रांगोळी नको, टूथपेस्ट तर नकोच. तो काळपट थर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, एकदा गेला की नाणं पांढरंफटक दिसतं आणि किंमत अर्ध्यावर येते. पीव्हीसीच्या मऊ पाकिटातही ठेवू नका, हिरवं चिकट धरतं.

मेटल डिटेक्टर घेऊन शेतात नाणी शोधायला जायचा विचार असेल तर जमीनमालकाची लेखी परवानगी आधी घ्या, आणि 1996 च्या ट्रेझर कायद्याप्रमाणे तीनशे वर्षांहून जुनी सोन्याचांदीची दोन किंवा जास्त नाणी एकत्र सापडली तर ती कळवावीच लागतात. स्कॉटलंडचा नियम वेगळा आणि जास्त कडक आहे, तिथे एकटं नाणंही कळवावं लागतं.

पेनी आली की दोन्ही बाजूंचे फोटो, वजन आणि मिलिमीटरमध्ये रुंदी इथेच खाली टाका. मुकुट आणि अक्षरं स्पष्ट दिसतील असा तिरपा उजेड ठेवा, कुठल्या क्लासची, म्हणजे एडवर्डच्या पेनीच्या कुठल्या उपप्रकारातली आहे ते आपण मिळून शोधू.