दहशतवादाविरुद्ध दुसऱ्या देशांशी युती करून भारताला खरंच काय मिळालं? एकट्यानेच लढलेलं बरं नाही का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की "आपले मंत्री देशोदेशी फिरून निषेधाची पत्रकं काढून आणतात, त्याने एक तरी अतिरेकी पकडला का". पकडलेत. त्यातला एक तर आपल्या मराठवाड्यातलाच निघाला, पण तिकडे येण्याआधी माझं थोडं सांगतो म्हणजे मी हे का लिहितोय ते कळेल.

मी सोलापूरचा, एका बँकेत फॉरेनच्या टेबलवर बरीच वर्षं काढली, आता रिटायर आहे. इथले टॉवेल बाहेर देशात जातात, त्याचे पैसे आमच्याकडे यायचे. एकदा एका कारखानदाराचं आखाती देशातून आलेलं पेमेंट मधल्याच एका परदेशी बँकेने अडवून ठेवलं, कारण काय तर माल घेणाऱ्याचं नाव बंदी घातलेल्या लोकांच्या यादीतल्या एका नावाशी जुळत होतं. मुसलमान नावं, स्पेलिंग जवळपास सारखं, आणि तेवढ्यावर पैसे बंद. शनिवारी कामगारांचा पगार करायचा असतो बगा, तो माणूस रोज येऊन माझ्यासमोर बसायचा, "साहेब, अतिरेक्यांचा आणि माझ्या टॉवेलचा काय संबंध वो?" शेवटी घेणाऱ्याच्या पासपोर्टची कॉपी, जन्मतारीख सगळं मागवून पाठवलं तेव्हा सुटले पैसे. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं, आजही वाटतं. पण त्या दिवसांत मी ती यादी पहिल्यांदा नीट वाचली. युनोच्या सिक्युरिटी कौन्सिलची 1267 नावाची समिती आहे, तिने एखाद्याचं नाव यादीत घातलं की जगातल्या सगळ्या देशांना त्याचे पैसे गोठवावे लागतात, त्याला देशात येऊ द्यायचं नाही, हत्यार विकायचं नाही. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये एक नाव लिहिलं की ते सोलापूरच्या काउंटरपर्यंत येतं, आणि ही नावं घालून घ्यायला मित्र लागतात.

जैश-ए-मोहम्मद या पाकिस्तानातल्या अतिरेकी संघटनेच्या म्होरक्याचं, मसूद अजहरचंच घ्या. 1999 च्या डिसेंबरमध्ये आयसी 814 विमान कंदाहारला नेलं, तिथे तालिबानचं राज्य आणि त्यांच्याशी आपले कसलेच संबंध नाहीत, आजूबाजूला मदतीला येणारं कोणी नाही, शेवटी प्रवाशांच्या बदल्यात तिघांना सोडावं लागलं त्यातला हा एक. एकटं असणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. त्याचं नाव यादीत घाला म्हणून आपण 2009 पासून मागे लागलो होतो आणि चीन दर वेळी टेक्निकल होल्ड लावायचा, म्हणजे थांबा, अजून विचार करतो म्हणून नाव अडवून ठेवायचा.

हे सोलापूरकराला जास्त लागतं. आमचे डॉक्टर कोटणीस 1938 मध्ये चीनला गेले, तिथल्या जखमी सैनिकांची सेवा करत 1942 मध्ये तिथेच वारले, वय फक्त 32. चीनचे पाहुणे इथे त्यांच्या स्मारकावर येऊन हार घालून जातात आणि त्याच चीनने दहा वर्षं मसूदला पाठीशी घातलं. मग 2019 च्या फेब्रुवारीत पुलवामात जैशच्या हल्ल्यात आपले 40 जवान गेले. त्यानंतर अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स तिघेही मागे लागले, अमेरिकेने तर समितीला बाजूला ठेवून थेट कौन्सिलमध्येच ठरावाचा मसुदा फिरवला, म्हणजे चीनला सगळ्यांदेखत नाही म्हणायची वेळ आली असती. 1 मे 2019 ला नाव यादीत गेलं. आपण एकट्याने कितीही ओरडलो असतो तरी हे झालं नसतं असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तो मराठवाड्यातला. अबू जुंदाल, खरं नाव झबिउद्दीन अन्सारी, बीड जिल्ह्यातल्या गेवराईचा. 26/11 ला कराचीत बसून मुंबईतल्या दहा हल्लेखोरांना फोनवरून सूचना देणाऱ्यांपैकी हा एक. पुढे सौदीत पाकिस्तानी पासपोर्टवर राहत होता, आणि सौदी म्हणजे पाकिस्तानचा जुना दोस्त, तो कशाला देईल? पण अमेरिकेने जोर लावला, इकडे घरच्यांच्या डीएनएशी जुळवून हा भारतीयच आहे हे दाखवलं, आणि 2012 च्या जूनमध्ये सौदीने त्याला दिल्लीच्या विमानात बसवलं. कसाबच्या खटल्यातसुद्धा एफबीआयच्या लोकांनी साक्ष दिली, जीपीएस कुठून कसा आला, इंटरनेटवरून फोन कसे झाले ते कोर्टात मांडलं. नोव्हेंबर 2012 मध्ये त्याला येरवड्यात फाशी झाली तेव्हा गृहमंत्री आमचे सुशीलकुमार शिंदे होते, इथे त्याची खूप चर्चा झाली, पण त्या परदेशी साक्षीबद्दल मी कुणाला बोलताना ऐकलं नाही.

किंमत पण मोजावी लागते हे खरं. 1993 च्या मुंबई स्फोटांतला आरोपी अबू सालेम, त्याला पोर्तुगालने 2005 मध्ये दिला तो फाशी नाही आणि 25 वर्षांवर तुरुंग नाही या अटीवर. त्या स्फोटांत 257 माणसं गेली, त्यांच्या घरच्यांना हे कसं पटणार. तरी सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये सरकारला सांगितलं की दिलेला शब्द पाळा, आणि मला ते बरोबर वाटतं, कारण एकदा शब्द मोडला की पुढचा आरोपी कोण देईल आपल्याला? आणि वेळ तर विचारूच नका, 26/11 च्या कटातला आरोपी तहव्वूर राणाला अमेरिकेत 2009 ला पकडलं आणि तो इथे आला 2025 च्या एप्रिलमध्ये. मुंबईत ज्यांचं माणूस गेलं त्यांनी सोळा वर्षं कशी काढली असतील.

सगळ्यात कमी बोललं जातं ते भूतानबद्दल. एवढासा देश, पण 2003 च्या डिसेंबरमध्ये त्याच्या सैन्याने आपल्या ईशान्येकडच्या उल्फा, बोडो वगैरे अतिरेकी संघटनांचे तिथले तळ स्वतः जाऊन उडवले, त्यांचे सैनिक मेले त्यात. इतकं आपल्यासाठी कोणत्या मोठ्या देशाने केलंय?

जिथे युती चालत नाही ते पण सांगतो. दहशतवादाविरुद्ध एक सगळ्यांचा करार करा म्हणून आपण 1996 मध्ये युनोत मसुदा दिला, अजून अडकलाय, कारण दहशतवादी कुणाला म्हणायचं यावरच देशांचं एकमत नाही. पाकिस्तान 2018 ते 2022 एफएटीएफच्या (अतिरेक्यांचा पैसा रोखायला काही देशांनी मिळून केलेली संस्था) ग्रे लिस्टमध्ये, म्हणजे नजरेखालच्या देशांत, होता, त्याच दबावाखाली लष्कर-ए-तोयबाच्या हाफिज सईदला 2020 मध्ये तिथल्याच कोर्टाने शिक्षा दिली, पण लिस्टमधून बाहेर पडला आणि तीन वर्षांत, 2025 मध्ये, पहलगाम झालं, 26 माणसं गेली. त्यानंतर 7 मेला ऑपरेशन सिंदूर आपल्याच सैन्याने केलं, कुणाची वाट न बघता, आणि ते करायलाच हवं होतं. पण त्याच महिन्यात सगळ्या पक्षांची शिष्टमंडळं बाहेर गेली, सुप्रिया सुळे इजिप्त, कतारकडे, श्रीकांत शिंदे अमिराती आणि आफ्रिकेकडे, आणि जुलैमध्ये अमेरिकेने टीआरएफला (लष्करचीच दुसऱ्या नावाची संघटना, पहलगामची जबाबदारी आधी हिनेच घेतली होती) दहशतवादी संघटना जाहीर केलं. तुम्ही म्हणता ती निषेधाची पत्रकं म्हणजे अशा एकेका नावाची सुरुवात असते भाऊ. सीमेपलीकडचा तळ क्षेपणास्त्राने उडवता येतो, शिकागोत ऑफिस थाटून बसलेला राणा उडवता येत नाही, त्याला आणायला 1997 चा भारत-अमेरिका प्रत्यार्पण करारच कामाला आला.