‘जी’ ९.६ आला, आता जर्नलमध्ये काय लिहू?

प्रश्न : मॅडम, मी विद्यापीठात पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे, मुख्य विषय भौतिकशास्त्र. साध्या लंबकाच्या प्रॅक्टिकलला माझा ‘जी’ (गुरुत्वीय त्वरण) काही केल्या ९.८ येत नाही. दोरी ५० सेंटिमीटर ठेवली तर ९.६१ येतो, १०० ठेवली तर ९.७०. बाकीचे उत्तरावरून उलटं गणित करून रीडिंग भरतात आणि त्यांच्या जर्नलवर लगेच सही होते. वर्गात शिकवलेलं कळतं, पण घरी गणित सोडवायला बसलं की पहिली ओळही सुचत नाही. शाळेत मी हुशार समजली जायचे. विज्ञान घेऊन चुकले तर नाही ना?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : रागावू नकोस, पण तुझे ते दोन आकडे दिसताच मी आधी कागद-पेन ओढलं आणि उरलेलं पत्र नंतर वाचलं. इतकी वर्षं लंबकाची जर्नलं तपासली की हात आपोआप तिकडे जातो.

दोन्ही आकडे कमीच आहेत, आणि दोरी लांबवली की ९.८ च्या जवळ सरकतात. घड्याळ क्षणभर उशिरा दाबलं गेलं, अशा चुका कधी या बाजूला पडतात, कधी त्या. त्यांना अशी शिस्त नसते. तुझ्याकडे दर वेळी लांबीच सारख्या मापाने कमी धरली जातेय, साधारण एक सेंटिमीटरने. ‘जी’ लांबीच्या प्रमाणात निघतो, म्हणून ५१ च्या जागी ५० घेतले तर ९.८ चा ९.६१ होतो, १०१ च्या जागी १०० घेतले तर ९.७०. करून बघ, तंतोतंत जुळतं. तू नुसती दोरी मोजलीस. लांबी धरायची असते गोळ्याच्या मध्यापर्यंत. व्हर्नियर कॅलिपरने गोळ्याचा व्यास घे, निम्मा कर, त्यात हुकाची उंची मिळव. बेरीज एका सेंटिमीटरच्या आसपास भरेल, असं मी इथे बसून सांगते.

जुनी रीडिंग मात्र टाकू नकोस. आडव्या अक्षावर तू मोजलेली लांबी, उभ्या अक्षावर आवर्तकालाचा (एका आंदोलनाला लागणाऱ्या वेळेचा) वर्ग, असा ग्राफ काढ. रेषा सरळ येईल, पण ओरिजिनमधून, म्हणजे शून्य-शून्य बिंदूतून, जाणार नाही. मागे वाढवलीस तर आडव्या अक्षाला उणे एकच्या जवळपास छेदेल. राहिलेला सेंटिमीटर तो हाच. आणि गंमत म्हणजे स्लोपवर, म्हणजे रेषेच्या चढावर, त्याचा काहीच परिणाम होत नाही. चार पाय वर्गाला (४π²) स्लोपने भागलंस की ‘जी’ ९.८ च्या आसपासच निघेल, त्याच ‘चुकीच्या’ रीडिंगमधून.

(ज्यांचा ‘जी’ १०.८ च्या वर जातो, त्यांनी घड्याळ सुरू करताना ‘शून्य’ऐवजी ‘एक’ म्हटलेलं असतं. वीस आंदोलनं समजून एकोणीसच मोजली जातात, आवर्तकाल कमी भरतो आणि ‘जी’ फुगतो. दर वर्षी कुणी ना कुणी सापडतंच.)

राहिले तुझे सोबती. त्यांच्या वहीत ९.८०, ९.८१, ९.८०, ९.८० अशी रांग असेल. असले आकडे हाताने दाबायच्या घड्याळातून येत नाहीत, कॅल्क्युलेटरमधून येतात, आणि तपासणाऱ्याला ते कळतं. सही कधीकधी कंटाळ्यानेही होते. तोंडी परीक्षेत ‘एरर कुठून आली?’ विचारलं की अशांची पंचाईत होते, कारण त्यांच्याकडे एररच नसते.

ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना हवेतून काढलेला नायट्रोजन रासायनिक संयुगांपासून बनवलेल्या नायट्रोजनपेक्षा जड भरत होता. फरक फक्त अर्ध्या टक्क्याच्या आसपास. तो त्यांनी पुसला नाही. १८९२ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाला पत्र लिहून हे असं का होतंय, म्हणून वाचकांनाच विचारलं. पुढे १८९४ मध्ये त्यांनी आणि रसायनशास्त्रज्ञ रॅम्से यांनी हवेत दडलेला आरगॉन हा नवा वायू जाहीर केला. तुझी तफावत तर त्याहून मोठी आहे! अर्थात, तुझ्या गोळ्यात नवा वायू निघणार नाही.

गणिताचं थोडक्यात सांगते. वर्गात पुढची ओळ शिक्षक लिहितात, म्हणून सगळं सोपं वाटतं. सोडवलेलं एक उदाहरण वाच, पुस्तक मीट आणि कोऱ्या कागदावर सोडव. अडलीस तर एकच ओळ बघ, पुन्हा मीट. रोज दोन पुरेत, पण आकृती काढल्याशिवाय सूत्र लिहायचं नाही.

विज्ञान घेऊन चुकलीस का, हे पहिल्या वर्षाच्या एका जर्नलवरून मी ठरवणार नाही, तूही ठरवू नकोस. दोन लांब्यांना दोन वेगळे ‘जी’ आले हे तुझ्या लक्षात आलं आणि खटकलं, एवढं मला दिसतंय.

पुढच्या वेळी लंबक पाच अंशांपेक्षा जास्त ओढू नकोस. तीस अंशांवर सोडलास तर आवर्तकाल पावणेदोन टक्क्यांच्या आसपास वाढतो आणि ‘जी’ जवळजवळ साडेतीन टक्क्यांनी पडतो. जुन्या आकड्यांवर व्हाइटनर फिरवू नकोस. शेजारी पेनने लिही, ‘लांबी हुकापर्यंतच मोजली’. आणि रेषा नेमकी कुठे छेदली, ते मला कळव.