पुराच्या गावात किट घेण्याआधी घरातल्या वस्तू वर चढवा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. आईवडील दोघंच चिपळुणात, घर वाशिष्ठी नदीला लागून, आणि ऑनलाइन मिळतं ते महागाचं इमर्जन्सी किट घेऊन पाठवू का असं विचारताय. माझं म्हणणं, पैसे जरा थांबवा.

२२ जुलै २०२१ ला आम्ही तिथेच होतो. पहाटे पाणी शिरलं, जो काही थोडा वेळ मिळाला तो टीव्ही आणि गाद्या माडीवर नेण्यात गेला आणि प्यायच्या पाण्याचा पिंप खालीच राहिला. चहूकडे पाणी आणि पाच माणसांत प्यायला दोन बाटल्या.

तेव्हा आईने जे केलं ते लक्षात ठेवा. जुनी सुती साडी दुहेरी करून गॅलरीत चारही टोकं बांधली, मधोमध धुतलेला वरवंटा ठेवला म्हणजे तिथे खोलगट होतं आणि सगळं पाणी त्या एकाच जागी येऊन गळतं, खाली कळशी. कोकणातला जुलैचा पाऊस, कळशी भरायला काय वेळ लागतो! पागोळीखाली हंडा लावला तरी चालतो, पण पहिली दहा-पंधरा मिनिटं पाणी वाहून जाऊ द्या, कौलांवरचं शेवाळ, पक्ष्यांची घाण आधी धुऊन निघते. मग उकळा, खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. पुराचं पाणी मात्र गाळून, तुरटी फिरवून, उकळूनसुद्धा पिऊ नका, त्यात डिझेल, कीटकनाशक काय वाटेल ते मिसळलेलं असतं आणि ते उकळून जात नाही. खालचं पाणी सोडा, वरचं धरा.

जुनीच साडी का, तर वापरून वापरून धागे सुटे होतात आणि विणीतली छिद्रं बारीक होतात. बांगलादेशातल्या खेड्यांत जुन्या साडीच्या चार-आठ घड्या करून पाणी गाळायला शिकवलं तर कॉलरा जवळपास निम्म्यावर आला, २००३ साली तो अभ्यास छापून आलाय.

गॅसचं आधी बघा. रेग्युलेटर काढून कॅप लावा आणि सिलिंडर खिडकीच्या गजाला दोरीने करकचून बांधा. भरलेला सिलिंडर साधारण तीस किलोचा, पण त्याच्या आकाराएवढं पाणी त्याहून जड, म्हणून भरलेलासुद्धा तरंगतो आणि दार ढकलून निघून जातो. मेन स्विच पाणी घरात यायच्या आधीच बंद, नंतर हात लावायचा नाही.

तेलाचे पाच लिटरचे रिकामे कॅन फेकू नका. झाकण घट्ट लावून असे दोन छातीला बांधले की दहाएक किलोचा उचल मिळतो, डोकं पाण्यावर राहायला तेवढा पुरतो. पण हे नाइलाज झाला तरच, त्याच्या भरवशावर वाहत्या पाण्यात उतरायचं नाही.

ओरडून घसा बसतो, पावसात ऐकूही जात नाही. स्टीलचं ताट आणि पळी गॅलरीत ठेवा, आमच्याकडे होडीवाल्यांना तोच आवाज गेला.

आणि साडी नेमकी कुठे ठेवलीय ते आईंना आजच फोन करून विचारा, आमची तेव्हा खालच्या ट्रंकेत होती, भावाला गुडघाभर पाण्यातून जाऊन आणावी लागली.